चुंबकवाल्या पिच्चरचा शेवट

६ जाने., सोम.
बी.पी. बरोबर. उजवा हात कोपरापरेंत उचलला आमच्या यायनं, मंग पडला. कालपेक्षा बरं.

जेवताना डावं बोट वर करून गोल फिरवलं, मी वरण वाढलं. तळहात आडवा केला, मी थांबली. पंजा उघडून वर धरला, मी ताट उचललं. शेजारची साहू भाभी लिंबं द्याले आली होती, पाहतच रायली. "दीदी, तुमन कइसे समझ जाथव वो?"

म्हटलं, तेहेतीस वर्सं क्रेनवाल्याची बायको हाय मी. भिलाईच्या स्टील प्लांटमधी हे आधी खलाशी होते, खाली उभं राहून क्रेनले इशारे देत. मंग वर कॅबिनमधी बसून मॅग्नेट क्रेन चालवली, भंगार उचलाची. तिथल्या आवाजात तोंडानं बोलून कोनाले ऐकू येते? सारं हातानं. बोट वर गोल म्हणजे उचल, खाली गोल म्हणजे उतरव, तळहात आडवा म्हणजे थांब, पंजे उघडे म्हणजे मॅग्नेट सुटला, काम झालं. घरी बी तेच चाले. लग्नाच्या पंगतीत या टोकावरून त्या टोकाले मले सांगत, जिलबी चांगली हाय, घे.

दिवाळीच्या तोंडावर झटका आला अन् वाचा गेली. एक "अरे" तेवढं साफ निघते. पण माहं काही अडलं नाई. भाभीले तसं सांगतलं बी. जरा फुशारकीच मारली म्हणा.

९ जाने., गुरु.
डोकं फिरलं माहं आज.

जुनवानीले बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. पोरीच्या वयाची हाय. तिनं विचारलं, घर में कितना बोलते हैं अंकल? मी मोठ्या ऐटीत इशाऱ्याचं सांगतलं. तेवढ्यात यायनं नुसती हनुवटी हलवली अन् मी बाटलीचं झाकण उघडून हातात देली. मॅडमनं पेन खाली ठेवला.

"आंटी, इनको बोलने की ज़रूरत ही कहाँ छोड़ी आपने?"

अन् पुढे म्हणे, सुरुवातीचे महिने असेच गेले तर मंग लय कठीण होईन. आप समझना बंद कीजिए.

समजणं बंद करा म्हणे! समजता समजता अर्धी जिंदगी गेली. तिले काय मालूम, सासरी आली तवा या माणसाच्या मनातलं काढता काढता माह्या नाकी नऊ आले होते.

ऑटोत तोंड फुगवून बसली. यायनं तळहात आडवा केला. जाऊ दे. मी समजली. अन् समजली म्हणून अजून राग आला.

१० जाने., शुक्र.
ठरवलं, आज काहीच समजाचं नाई. सकाळी यायनं चहासाठी बोट फिरवलं. म्हटलं, काय जी? पुन्हा फिरवलं. म्हटलं, पंखा लावू? थंडीत! माह्याकडे असं पाह्यलं की हिले बी झटका आला का काय. तिसऱ्यांदा ओठ हलले, "अ… अरे…" अन् कपाळाले घाम आला.

चहा देला. बिस्किट बी देलं. नाई जमत माह्यानं.

पण मॅडमचं बरोबर हाय. लिहून ठेवते, तोंडानं कोनाले सांगणार नाई. मीच यायचं तोंड बंद केलं. मायेनं केलं, पण केलं.

१४ जाने., मंगळ., संक्रांत
आमची पोरगी स्वाती नागपूरवरून आली, तीन दिवस हाय. दुपारी बाया हळदीकुंकवाले आल्या, अन् यायच्या जुन्या खात्यातले दोघं-तिघं बी. जो येईन तो हातावर तिळगूळ ठेवे अन् म्हणे, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." अन् मंग जीभ चावे. एकानं तर अर्ध्यातच सोडलं, "तिळगूळ घ्या, गोड…" अन् खाली पाहून चपला शोधाले लागला.

हे आपले हासत होते. लाडू डाव्या हातात घेत, कपाळाले लावत. पंधरा लाडू जमले वाटीत. एक नाई खाल्ला. संध्याकाळी ती वाटी माह्याकडे सरकवली अन् पंजा उघडून वर केला. मॅग्नेट सुटला. काम झालं.

काम झालं कसं? मी मोरीत जाऊन रडली. लिंबाच्या झाडाखाली बसून रडाले आता या बोरसीच्या घरात जागा कुठं हाय. प्लांटच्या क्वार्टरमधी होती.

१५ जाने., बुध.
स्वातीनं दुपारी टीव्हीवर काहीतरी शोधून काढलं. "आई, देख, पहचाना?" चुंबकवाला पिच्चर!

ती दुसरीत होती तवाची गोष्ट. सेक्टरमधल्या क्वार्टरात होतो. पॉवर हाऊस बाजारातल्या दुकानातून यायनं सीडी आणली. पाहतो तर सारा पिच्चर इंग्रजीत. पोरगी रडकुंडीले आली. हे म्हणे, थांबा, मले येते इंग्रजी. येते कुठं? हॉइस्ट, लोड, शिफ्ट इंचार्ज, एवढीच इंग्रजी. पण टीव्हीचा आवाज बंद केला, बाजूले खुर्ची घेतली अन् सारा पिच्चर आपल्या मराठीत बोलून दाखवला. हिरोचा आवाज वेगळा, व्हिलनचा वेगळा, म्हातारीचा तर असा की मी पोट धरून हासली.

हिरो म्हणजे पुलावर तारा दुरुस्त करणारा साधा माणूस. वीज पडते अन् तवापासून लोखंड त्याच्या हाताले चिकटते. चमचे, किल्ल्या, घरमालकिणीची किटली. यायले वेड लागलं. "हा तर माह्या खात्यातला निघाला!" हिरोचं नाव ठेवलं मन्या. व्हिलन बागडे फोरमन. हिरोईनचं नाव शकू. शकू म्हणजे मी! पोरीसमोर! हिरोनं मोटार उचलली की हे आधी ओरडत, "अबे हटा खालून, लोड वर हाय!" म्हणे, इशारा न देता लोड उचलते, याले कोनी कामावर ठेवलं?

तो पिच्चर आम्ही पाच-सहा डाव पाह्यला असन. दर डाव यायच्याच आवाजात.

आज हिंदीत लावला. काय सांगू, लहान झाला पिच्चर. पूल पुठ्ठ्याचा दिसते. वीज म्हणजे नुसती निळी रेघ. तवा तो हिरो मले दिरासारखा वाटे, आज पाह्यलं तर लेकरू हाय बापा! ओठावर मिशी बी नीट नाई. त्याले जेवू घालावं वाटलं. स्वाती मोबाईल पाहत पाहत हासत होती. हे मात्र टक लावून. चमच्यांचा सीन आला, डावा हात उठला, बोट गोल फिरलं. उचल, उचल.

मंग शेवट आला. हिरो पूल हातानं धरून ठेवते, सारे लोक पार होतात. हिरोईन पळत येते. अन् तो तिले हिंदीत काय म्हणते? "मैं जहाँ रहूँगा, वहाँ खतरा रहेगा. मुझे भूल जाओ." अन् धुक्यात चालला जाते. ती मांगं पुलावर, धुक्यात दिसेनाशी. संपला.

मी म्हटलं, हे काय? हा शेवट नाई.

स्वाती म्हणे, "आई, यही है. हमेशा से यही था."

नाई. माह्या पिच्चरमधी मन्या म्हणे, "चाल वं शकू, घरी चाल. भात थंडा होऊन राहिला." अन् दोघं घरी जात. धुक्यात तो एकटाच दिसे, तर हे म्हणत, ती मांगून येऊन राहिली, धुक्यामुळे दिसत नाई. अन् मी वीस वर्सं ते खरं मानलं! इतकी कशी बावळट मी.

यायच्याकडे पाह्यलं. खिडकीकडे तोंड करून बसले होते.

१६ जाने., गुरु.
झोप नाई आली नीट. हिशेब लावून राहिली.

सीडी आणली तवा स्वातीची परीक्षा झाली होती. म्हणजे एप्रिल. त्याच एप्रिलात यायचं मस्कतचं चाललं होतं. तिकडे क्रेनवाले पाहिजे होते, यायच्या खात्यातले तिघं निघाले होते. यायचा पासपोर्ट आला होता. बॅग आणली होती, निळी. मी काही बोलली नाई तवा. जाऊ नका म्हणणारी बाई मी नाई. पण भाजीत दोन डाव मीठ टाको.

अन् एक दिवस फस्ट शिफ्टवरून आले, चपला काढता काढता म्हणे, "नाई जात मी मस्कतले." मी विचारलं, कावून? का नाई जात? तवा तर वाचा होती. पण यायनं काय केलं? तळहात आडवा. थांब.

मी बी थांबली. खुशी इतकी झाली का पुन्हा विचारलंच नाई. मनानंच ठरवून टाकलं, इमानात बसून उडाले घाबरले. तवापासून बापा मी चिडवते यायले. पाहुण्यायसमोर बी, "आमचे हे इमानाले घाबरून भिलाईत रायले." अन् हे हासत.

आज निळी बॅग काढली. गोधड्या हायेत तिच्यात. दुपारी स्वाती बाजारात गेली तवा ती यायच्यासमोर ठेवली. म्हटलं, अजी, खरं सांगा. तो पिच्चर पाह्यला म्हणून नाई गेले? का जाचं नव्हतं म्हणून पिच्चरचा शेवट बदलवला? कावून नाई गेले?

बॅगीवरून हात फिरवला. डोळे भरले. बोट उचललं, गोल फिरवाले गेले, थांबले. पुन्हा उचललं. क्रेनच्या इशाऱ्यात "कावून" नाईच. उचल हाय, उतरव हाय, हळू हाय, थांब हाय. कावून कोनी कोनाले विचारत नाई तिथं.

एवढे वर्सं मले वाटे मले यायचं सारं समजते.

१७ जाने., शुक्र.
स्वाती गेली. जाताना म्हणे, आई तू बाबा को डाँटना मत. मी कवा रागावते! तिनं पिच्चर कसा लावाचा ते कागदावर लिहून देलं, एक-दोन-तीन करून.

१९ जाने., रवि.
एक विचार आला. मॅडमले विचारला बी नाई.

पिच्चर लावला अन् आवाज बंद केला. खुर्ची टीव्हीच्या बाजूले ओढली, जिथं हे बसत तशी. म्हटलं, आज मी बोलते.

मले येते कुठं! मन्याचा आवाज काढला तर म्हातारीचा निघाला. बागडे फोरमन विसरली, त्याले साहू फोरमन म्हटलं. हे अस्वस्थ. खुर्चीत इकडून तिकडे. मोटार उचलाचा सीन आला, मी "हटा खालून" म्हणाचं विसरली, तर यायनं डाव्या हातानं दाणदाण खुर्चीचा हात ठोकला. "अरे! अरे!"

म्हटलं, काय झालं? मले नाई समजत बापा.

खोटं बोलली अन् पहिल्यांदा जमलं.

२२ जाने., बुध.
रोज दुपारी पिच्चर. साहू भाभी म्हणे, दीदी पगला गे हे. हावो, पगलाली.

मी मुद्दाम चुकवते आता. किटली आली की "कुकर" म्हणते. मन्याले पोहे खाऊ घालते जिथं तो पावरोटी खाते. हे कपाळाले हात लावतात. आज ओठ गोल केले, गळ्याची शीर ताठ झाली, काहीतरी येऊन राहिलं होतं, आलं नाई. मंग माह्याकडे पाहून हासले. मालूम हाय यायले, मी मुद्दाम करून राहिली. तेहेतीस वर्सं यायनं बी मले पाह्यलंच हाय.

शेवटाले मी अजून हात लावला नाई. तिथं टीव्ही बंद करते. मलेच भेव वाटते.

२६ जाने., रवि.
समोरच्या मैदानात झेंडा झाला. लेकरायचे भोंगे दुपारपरेंत.

आज शेवट बोलली. हिंदीतला. खरावाला.

पूल पडून राहिला, लोक पळून राहिले, हिरोनं हात लावून धरला. हिरोईन आली. मी आवाज जाड केला अन् म्हटलं, "शकू, मी चाललो."

यायची मान वळली.

"मी जिथं राहीन तिथं धोका हाय. मी चाललो दूर."

तळहात आडवा. थांब. मी पाह्यलं अन् न पाह्यल्यासारखं केलं. पुन्हा तळहात, दोन डाव, तीन डाव. "अरे. अरे!"

म्हटलं, मले नाई समजत. अन् टीव्हीकडे पाहून म्हटलं, "विसरून जाय मले, शकू. माही वाट पाहू नको."

"नाई."

मी टीव्ही सोडून यायच्याकडे वळली.

"ना… नाई." तोंड वाकडं झालं, लाळ आली, डोळे लाल. "घ… घ…"

उठून जवळ जावं वाटलं. शब्द तोंडात द्यावा वाटला. दाबून बसली. पदर दातात धरला.

"घ… री." अन् मंग मोठा श्वास घेऊन, "चा… ल."

पिच्चर कवाच संपला होता, नावं वर चालली होती. मी खाली फरशीवर बसून यायच्या गुडघ्याले डोकं टेकून रडली. हे डोक्यावर हात ठेवून होते. डावा. मंग पाहते तर उजवा बी उचलाले पाहत होते.

२७ जाने., सोम.
काही नाई. सकाळपासून "अरे" बी नाई. जसा कालचा दिवस झालाच नाई.

मी स्वातीले फोनवर सांगतलं तर रडली, म्हणे रेकॉर्ड क्यूँ नहीं किया? म्हटलं, वं पोरी, मी पाहो का मोबाईल शोधो?

३० जाने., गुरु.
मॅडमसमोर नाई बोलले. मी किती सांगतलं, घरी चाल म्हणले, दोन शब्द! मॅडम म्हणे, मैं मान रही हूँ आंटी. मॅडमनं मंग मले विचारलं, पिच्चर कोणता? मी सांगतलं. तिनं लहानपणी पाह्यला होता. म्हणे, उसका एंड तो बहुत उदास है ना?

म्हटलं, आमच्या घरी नाई.

ती हासली. मंग म्हणे, रोज कीजिए. और आंटी, आप बहुत अच्छा कर रही हैं. मले तिचा राग होता ना, गेला. पुढच्या वेळी तिच्यासाठी तिळाचे लाडू नेते, उरलेले हायेत.

परत येताना ऑटोत यायनं बाहेर प्लांटच्या चिमण्यायकडे पाह्यलं अन् बोट वर करून गोल फिरवलं. कोनाले सांगून राहिले, काय मालूम. म्हटलं, समजलं नाई जी. माहा हात दाबला.

२ फेब्रु., रवि.
सकाळपासून ढगाळ. यायची आंघोळ झाली, शर्ट बदलवला, बटनं तीन यायनं स्वतः लावले.

पिच्चर सकाळीच लावला, जेवणाच्या आधी. आता अर्धा मी बोलते, अर्धा हे. "हटा" म्हणतात. काल "लोड" म्हणले, साफ, इंग्रजी! शेवटाले "घरी चाल" तर रोज येते, कवा लवकर, कवा वाट पाहाले लावते. "भात थंडा" अजून नाई येत. "भा" परेंत येते अन् अडते.

पिच्चर संपला. टीव्ही बंद केला नाई, काळा पडदा तसाच. म्हटलं, अजी, त्या साली कावून नाई गेले मस्कतले?

बोट उठलं. मी ते बोट धरलं. अख्खा हात माह्या दोन हातात घेतला, मांडीवर ठेवला. म्हटलं, असं नाई. इमानाचं मी उगंच बोलली इतके वर्सं, माफ करा मले. पण यावेळी हातानं नाई सांगाचं.

रागानं पाह्यलं माह्याकडे. मंग राग गेला. वरचा ओठ हलला. एक आवाज आला, शब्द नाई, त्याची सुरुवात. मंग दुसरा.

तेवढ्यात कुकरनं दम धरला, सूंऽऽ करून शिट्टी येऊन राहिली. यायचा हात सोडला, पळत जाऊन गॅस बंद केला. एक शिट्टी बी झाली नव्हती. तांदूळ तसेच कच्चे राहतीन.

राहो. परत येऊन यायचा हात धरला अन् बसली. म्हटलं, हं, बोला. भाताची काही घाई नाई.